जावयाच्या मानाची पुस्तकं

"मोठं दाखवा," हंबीरराव म्हणाले. "लांबनं दिसलं पायजे."

सांगलीतल्या त्या पुस्तकाच्या दुकानात असं गिऱ्हाईक अपेक्षाच्या काउंटरला पहिल्यांदाच आलं असावं. तिनं हसू दाबलं आणि वरच्या फळीवरचा एक जाडजूड ग्रंथ काढून दिला. हंबीररावांनी तो गुळाची ढेप तोलावी तसा तळहातावर तोलला आणि तोंड वाकडं केलं.

परवा पाडवा. लेकीची लग्नानंतरची पहिली दिवाळी, त्यामुळे जावई रहिमतपूरहून दिवाळसणाला येणार. अख्खी भावकी पंगतीला. धाकट्या भावानं मागच्या साली आपल्या जावयाला बुलेट दिलेली, ती अजून गावभर धडधडत होती. आणि मिलिटरीतल्या या जावयानं, वीरधवलनं, मागितलं काय, तर पुस्तकं! अंगठी नको, गाडी नको. स्वस्तात सुटलो म्हणून खूश होणारे सासरे असतील. हंबीरराव त्यातले नव्हते. त्यांना घास गोड लागत नव्हता. पाटावर बसलेल्या जावयाच्या हातात कागदाचं पुडकं द्यायचं आणि वर चारचौघांत ताठ मानेनं वावरायचं कसं?

ते दारापाशी गेले, समोरच्या सराफाच्या दुकानाकडे बघून परत आले. पुन्हा गेले.

"आवं, बसा की जरा," स्टुलावर बसलेल्या त्यांच्या पत्नी बनुबाई म्हणाल्या. त्यांच्या मांडीवर पणत्यांची पिशवी होती. "पायाला भिंगरी लागलीया का?"

"बसतोय कुठला! अंगठी घिऊन टाकू. खाली पुस्तकं, वर अंगठी."

"त्यांनी नको म्हटलंय."

"नको म्हणायचंच असतंय."

अपेक्षा मध्येच म्हणाली, "काका, जावई काय वाचतात? तेवढं सांगा, मी काढून देते."

"मिलिटरीत हायत. लढाईचं द्या."

"फौजींना लढाईचंच आवडतं असं थोडंच आहे? विचारून बघा ना."

जावयाला विचारायचं म्हणजे कमीपणाच. पण दुसरी वाटही दिसेना. हंबीररावांनी फोन लावला. त्यांना कानाशी धरून नीट ऐकू येत नसे, म्हणून फोन कायम स्पीकरवर.

"पावणं, पुस्तकं कसली घिऊ?"

पलीकडे मळ्यातली मोटर चालू होती. वीरधवल जरा घुटमळला. "मामा, खरं सांगू? मला त्यातलं काय कळत न्हाई. मी पेपर बी मागनं उघडतो, खेळाच्या पानापास्नं. वाचायचा नाद तुमच्या लेकीला हाय."

"मग मागितली कशाला?"

"ती पुस्तक घिऊन बसली की घरात कुरकुर हुती. सून काय वाचत बसलीया म्हणून. सुट्टी संपली की मी जाणार, मग तिच्या बाजूनं बोलायला कोण? पण दिवाळसणातली वस्तू म्हंजी माझा मान. त्या वस्तूला कोण नावं ठेवतंय? ही म्हणंल, त्यांची हायत, पुसून ठेवती. आन् वाचंल." तो हसला. "शिवाय मामा, दिवाळसणाला जावयालाच विचारत्यात, काय पायजे म्हणून. लेकीला कोण विचारतंय?"

शेवटचं तो आपलं सहज बोलून गेला. हंबीररावांना मात्र ते लागायचं तिथं लागलं.

फोन ठेवून त्यांनी बायकोकडं पाहिलं. "वाचायची व्हय गं ती?"

"किराण्याच्या पुडीचा कागद बी सोडायची न्हाई. तुमीच म्हणायचा, ठेव ते, आन् भाकरी टाक."

"मग मुलीला काय आवडतं, काका?" अपेक्षानं विचारलं.

कुठल्या म्हशीला कुठला चारा गोड लागतो, कुठल्या पाव्हण्याच्या चहात साखर चालत नाही, हे सगळं हंबीररावांना पाठ होतं. लेकीचं तेवढं ठाऊक नव्हतं. समोर सराफाच्या दुकानात दिवे लागले, पण ते उठले नाहीत. जाडजूड ग्रंथ बाजूला सारून ते बनुबाईंच्या शेजारी टेकले आणि लेकीला फोन लावला.

"आबा?" राजेश्वरीचा आवाज घाबराघुबरा. "काय झालं? आई बरी हाय न्हवं?"

आबा आपणहून फोन करत ते कुणी आजारी पडलं तर, नाहीतर कुणी गेलं तर.

"समदी बरी हायत." हंबीररावांनी घसा खाकरला. "पुस्तकाच्या दुकानात बसलोय. तुला... तुला कसली पायजेत?"

फोन चालू आहे का, म्हणून हंबीररावांनी तो डोळ्यांपुढं धरून पाहिला. बनुबाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं.

"आबा," मग राजेश्वरी म्हणाली, सासरी कुणाला ऐकू जाऊ नये इतकं हळू, "किती सांगू?"