डाव्या हाताची गाडी

दसऱ्याच्या सकाळी माझ्या वडिलांनी, नानांनी, आपल्या जुन्या इटालियन गाडीला झेंडूचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली आणि मला म्हणाले, "बस." स्टिअरिंग डावीकडे असल्याने मी उजवीकडे बसायचे. कॉलेज रोडवर पोरं ओरडली, "अरे, बाई हात सोडून चालवतेय!" नाना खो खो हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले.

एकोणऐंशी साली त्या गाडीसाठी त्यांनी आईची निफाडची द्राक्षबाग विकली होती. आई बोलली नाही. मीही नाही. इंजिन सुरू झालं की छातीत जे धडधडायचं, ते मलाही हवं असायचं.

दिवाळीनंतर आईने गाडी विकायला काढली. त्या पैशांत बागेचा एक तुकडा तरी परत घेता आला असता. नाशिकरोडचे एक हॉटेलवाले, पुंजारामशेठ, पाहायला आले. आमची त्यांची ओळख नव्हती. सवयीने ते उजवं दार उघडून आत बसले. समोर स्टिअरिंग नाही म्हणून दचकले आणि डावीकडे वळून म्हणाले, "माफ करा काका, चुकीच्या बाजूला बसलो."

डावीकडे कोणी नव्हतं.

शेठ थोडा वेळ मान डोलवत ऐकत राहिले. मग उतरून मला म्हणाले, "काका नाय म्हणतात, ताई. तुम्ही आधी घरात बोलून घ्या." आणि निघून गेले.

दारातली आई आत वळली.

गाडीची डावी सीट खाली दबलेली होती. मी ते दार उघडलं.

"नाना, बाग आईची होती. उतरा."