एक्केचाळीस तळटिपा

मुबशिरानं तिसऱ्यांदा नाव खोडलं. प्रबंधाच्या नवव्या तळटिपेत ‘शिवांजली’ काढून ‘क्ष’ लिहिलं, मग चौदाव्या, मग सतराव्या. शेवटची, एक्केचाळिसावी जागा संपवून तिनं संदर्भ अपडेट करायचं बटण दाबलं. संगणकाचा पडदा जरासा हलला आणि सगळीकडे नाव परत आलं. शिवांजली विरुद्ध महाराष्ट्र राज्य.

मागं उभे असलेले तिचे मार्गदर्शक विजयसिंह सर म्हणाले, “भुताटकी न्हाय ती. तुम्ही प्रबंधात खोडताय, सॉफ्टवेअर त्याच्या मूळ नोंदीतनं नाव आणून परत बसवतंय. नोंदच बदला.”

“सर, मुलगी आता हयात नाही. नाव ठेवा म्हणून तिच्या आईनंच सांगितलंय.”

“आईची हरकत नसंल, कायद्याची हाय की. बलात्काराच्या खटल्यातल्या मुलीचं नाव छापायचं आणि वर कायद्याची पीएचडी मागायची?” सरांनी घड्याळ पाहिलं. “पाचला विद्यापीठाची प्रबंध घ्यायची खिडकी बंद होतीय. आज गेला न्हाय तर नोंदणीच रद्द.”

ते चहाला गेले. सव्वाचार झाले होते.

मुबशिरानं नोंद उघडली. खटल्याच्या नावाच्या रकान्यात शिवांजली होती, तिथं ‘क्ष’ टाइप केलं. बटण दाबलं. या खेपेला काही परत आलं नाही. तिनं प्रबंधात नाव शोधून पाहिलं. शून्य वेळा.

फोन वाजला. गडहिंग्लजहून शिवगंगाआक्का, शिवांजलीची आई.

“आज देनार हुतीस न्हवं पुस्तक? तिचं नाव हाय न्हवं त्यात?”

“आक्का...”

“किती जागी हाय?”

“एक्केचाळीस.”

 आक्का हळू म्हणाली, “हितं घरात कोन नाव बी काढत न्हाय. वाच की जरा. सगळ्या जागा वाच.”

मुबशिरानं नववी तळटीप पडद्यावर आणली. ‘क्ष’वर बोट ठेवलं.

“शिवांजली विरुद्ध महाराष्ट्र राज्य.”

“ओ,” लेकीच्या नावाला आक्कानं ओ दिली.

मुबशिरानं बोट उचललं आणि चौदावी तळटीप पडद्यावर आणली.