दत्तोपंतांची दुरुस्ती

"अगं, बघवत नाही. थांबव ना त्यांना!" कुमुदकाकू म्हणाल्या.

पडद्यावर त्यांचे यजमान, दत्तोपंत, धापा टाकत होते. मरणाआधी त्यांचं मन यंत्रात उतरवलं, तेव्हा शेवटच्या दुखण्यातली धापही सोबत गेली. चूक कुठे शिरली ते शोधायला यंत्र सांभाळणारी शाल्मली ते मन पायरीपायरीने पुन्हा चालवून बघत होती.

"सापडली, काकू! हे बघा."

शेजारी नवी चौकट उघडली. तिच्यात दत्तोपंत हसत होते. "काय गं, मी मेलो म्हणून चहाला सुट्टी का?"

काकूंना रडू फुटलं. डोळे पुसताना त्यांची नजर जुन्या चौकटीकडे गेली. तिथली धाप चालूच होती.

"हे कोण मग?"

"आधीचे काका. हे यंत्र ज्या संगणकाच्या भाषेत चालतं, तिच्यात एकदा झालेलं बदलता येत नाही. दुरुस्त करायचं म्हणजे नवं करायचं."

"मग जुने पुसून टाक. सुटतील बिचारे."

"नवे त्यांच्याच आठवणींवर चालतात, काकू. ते थांबले की हेही थांबतील."

"कुणाशी बोलतेस गं?" नव्या दत्तोपंतांनी विचारलं.

काकू शाल्मलीकडे वळल्या. "धापा टाकणाऱ्यांना माझं ऐकू येतं का?"

"नाही, काकू."

तरी काकूंनी खुर्ची त्याच चौकटीसमोर ओढली आणि पडद्यावरून, त्यांच्या छातीवरून, हात फिरवत बसल्या.