पाइपातली हवा

पांढरकवड्यात नळाची कामं करणारा शाहिद दुपारी लालीबाईंच्या घरी आला. त्यांच्या शॉवरला पाणी येत नव्हतं. पंप नुसताच घरघरत होता.

"पाइपात हवा अडकली, मावशी. काढून देतो."

"काढ बाप्पा." लालीबाई बाथरूमच्या दारात स्टुलावर बसल्या आणि पोराच्या बदलीचं सांगू लागल्या.

शाहिदने पंप बंद केला आणि त्यावरचा हवेचा स्क्रू काढला. सूं करून हवा सुटली. थांबली. पुन्हा सुटली. एवढ्याशा पाइपात घडीभराची हवा मावते, पण पाच मिनिटं झाली तरी ती येतच होती, सावकाश, ठरावीक अंतराने. हाताला कोमट लागत होती.

त्याने भोकावर अंगठा दाबला.

लालीबाई बोलता बोलता थांबल्या. तोंड उघडं होतं, पण श्वास आत जात नव्हता. त्यांना धरायला शाहिद उठला, अंगठा सुटला, आणि त्यांनी खोल श्वास घेतला.

"काय झालं रे मले?"

शाहिदने न राहवून पुन्हा क्षणभर अंगठा ठेवला. श्वास तिथेच अडकला. त्याने झटकन हात काढला.

"झालं काय काम? लाव ना तो स्क्रू."

"राहू द्या, मावशी. उघडंच राहू द्या."

हवेचा जोर कमी होत चालला होता. लालीबाई अजून काही सांगत होत्या, पण आवाज बारीक झाला होता. हवा संपली की मागून पाणी येतं, हे शाहिद रोज पाहत आला होता.

भोकाच्या काठावर पाण्याचा पहिला थेंब जमला.