कोरी शिवण

बराकीत पायाच्या बारा मशिनी होत्या. स्टुलं अकरा आणि एक उलटा खोका, कात्र्या तीन, भिंतीवर शर्ट सहा, झबली चार. प्रत्येक मशिनीवर दोऱ्याचं एक रीळ. शर्ट, झबली आणि रिळं काल संध्याकाळपर्यंत तिथं नव्हती.

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पातल्या या बराकीत सरकारचा शिवणवर्ग भरत असे. निम्म्या बायका कॅम्पातल्या सिंधी, निम्म्या आसपासच्या गावांतल्या. अंजनी बदलापूरजवळच्या शिरगावची. आठ महिने ती इथं येत होती. वर्गाची परीक्षा पास होणाऱ्या बायकांना अंबरनाथच्या एका कारखान्यात कामगारांचे खाकी कपडे शिवायला घेणार होते. नवरा गेल्यापासून अंजनी गवताचे भारे वाहून घर चालवत होती. तिला ते भारे डोक्यावरून उतरवायचे होते.

आज दिल्लीहून लोकसभेची समिती यायची होती. असे वर्ग कसे चालतात, त्यातून कुणाला खरंच काम मिळतं का, ते बघायला. समितीचं समाधान झालं तर परीक्षा, नाहीतर वर्गाला कुलूप, असं व्यवस्थापक शरदचंद्र यांनी सकाळीच सगळ्यांना बजावलं होतं. भिंतीवरचा माल त्यांनीच बाजारातल्या एका शेठकडून उसना आणला होता. शेठ स्वतः येऊन रिळं मशिनींच्या खिळ्यांवर बसवून गेला. जाताना बायकांना म्हणाला, "धागा खींचना नहीं, बाई. शाम को परत पाहिजे, जसाच्या तसा."

"मशिनीला नवरीवानी नटवलंय," तुळशी शेजारून पुटपुटली, "अन् हात लावायचा नाय."

अंजनी हसली नाही. ती मनातल्या मनात सरळ रेघा ओढत होती.

वर्गासाठी दोऱ्याची आणि कापडाची मागणी पहिल्याच महिन्यात गेली होती. ती मंजूर कुणी करायची, हे दोन खात्यांत अजून ठरत नव्हतं. नवशिकीला आधी दोऱ्याविना कागदावर मशीन चालवायला लावतात, हात सरळ बसावा म्हणून. ही रीत आठवडाभराची. शिकवणाऱ्या कुमुदिनीबाईंनी तीच पुढे चालू ठेवली, दुसरं करणार काय. त्या घरून जुनी वर्तमानपत्रं आणत. अंजनीला वाचता येत नव्हतं, पण दोन रकान्यांमधली पांढरी वाट तिच्या हाताला पाठ झाली होती. पंचवार्षिक योजनेवरची कितीतरी भाषणं त्या वाटेच्या दोन्ही बाजूंनी तिच्या सुईखालून गेली होती.

समिती आली. चौघांमध्ये खादीच्या पातळातल्या, जाड चष्म्याच्या एक बाई होत्या. बाकीचे त्यांना वृंदाताई म्हणत होते. शरदचंद्र शर्ट दाखवू लागले. ताईंनी एकाची कॉलर उलटून पाहिली, मग दुसऱ्याची. टेबलावर शोभेला म्हणून खाकी कापडाचे दोन लांब तुकडे मांडले होते, ते त्यांनी उचलले आणि कुणीतरी एवढे जोडून दाखवा म्हणाल्या.

शरदचंद्रांनी कुमुदिनीबाईंकडे पाहिलं, बाईंनी अंजनीकडे. वर्गात तिचा हात सगळ्यांत सरळ.

अंजनी मशिनीवर बसली. कापड कोरं, कांजीनं कडक होतं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिच्या बोटांखाली कागद नव्हता. हे सरळ गेलं तर परीक्षा, परीक्षा झाली तर कारखाना. तिनं कडा जुळवल्या, कापड धरणारा दाब खाली सोडला, चाकाला हात लावला. पाय आपोआप चालू लागले. मशीन एका लयीत बोलत राहिली. तिची नजर सुईवरून हलली नाही. वर खिळ्यावरचं रीळही हललं नाही. कुमुदिनीबाईंच्या ते ध्यानात आलं तेव्हा त्यांनी हात पुढे केला, पण शिवण संपली होती.

अंजनीनं कापड काढून ताईंच्या हातात दिलं. एक तुकडा त्यांच्या हातात राहिला. दुसरा जमिनीवर पडला.

समितीतलं कुणीतरी हसलं. शरदचंद्र घाईघाईनं सांगू लागले, ही जरा घाबरट आहे, दुसरीला बसवतो. अंजनीची मान खाली गेली. डोक्यावर भारा असल्यासारखी ती उभी राहिली.

किती दिवस शिकतेस, ताईंनी विचारलं. आठ महिने, ती म्हणाली.

"आणि दोरा लावायला विसरलीस?"

अंजनीनं शरदचंद्रांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"इसरायला आदी तो कदी लावलेला पायजे ना, ताई," ती म्हणाली. "आमी पेपरावरच शिवतो."

मग कुमुदिनीबाई कोपऱ्यात गेल्या आणि वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणून त्यांनी टेबलावर ठेवला. ताईंनी वरचा एक कागद पाहिला, खालचा एक ओढून पाहिला. शरदचंद्रांनी तोंड उघडलं, तसा ताईंनी नुसता हात वर केला. वाकून जमिनीवरचा तुकडा त्यांनी स्वतः उचलला, दोन्ही तुकड्यांच्या कडा पुन्हा जुळवल्या आणि कापड खिडकीशी धरलं. भोकाभोकांतून ऊन आलं, वरपासून खालपर्यंत, एका ओळीत.

कुमुदिनीबाईंच्या गळ्यातली टेप मागून घेऊन त्यांनी मोजलं. पुन्हा एकदा मोजलं. मग समितीच्या चिटणिसाला लिहून घ्यायला सांगितलं.

"लांबी अठरा इंच. इंचाला भोकं बारा. रेघ कुठंही सुटलेली नाही. दोरा नाही."