संच घेण्यापूर्वी

“सगळे खेळ एकाच माळेचे मणी असतात गं,” खुर्चीत मागे रेलत वडील म्हणाले. “तोच ओसाड बंगला, तोच धुळीने भरलेला माळा आणि तोच खून.”

“खुनी तरी वेगळा असतो, बाबा,” ठकी म्हणाली.

तिच्या लॅपटॉपवर रहस्यखेळांचा संच दिसत होता. चित्रातल्या पसाऱ्यात दडवलेल्या वस्तू हुडकायच्या आणि हुडकता हुडकता गुन्हेगारापर्यंत पोचायचे, असे डझनभर खेळ, आणि तेही रविवार संपेपर्यंत निम्म्या किमतीत. वडिलांना या खेळांचे भारी वेड. शाळेची बस चालवून ते घरी आले, की चहा निवेपर्यंत आपला जुना खेळ उघडून बसत. म्हणूनच, ती स्वतः संच घेऊन देत असतानाही त्यांनी दिलेला नकार ठकीला कळत नव्हता. तिने त्यांना चिक्कू म्हणून पाहिले, लाडीगोडी लावून पाहिली. हातात आहे त्या खेळाचा अजून कंटाळा आलेला नाही आणि नोकरी लागली म्हणून तिने उधळपट्टी करू नये, एवढेच ते पुन्हा पुन्हा सांगत राहिले.

खिडकीपाशी वाटाणे सोलत बसलेल्या आईला मात्र तो नकार कळला होता. गेल्या काही दिवसांत दाराची चौकट वडिलांच्या डाव्या खांद्याला वरचेवर लागत होती. डाव्या हाताशी ठेवलेला पेला काल जेवताना लवंडला. तिने विचारले तेव्हा आपली नजर घारीची आहे, हवे तर खेळ बघ, असे म्हणून त्यांनी तिला शेजारी बसवले होते. एकही वस्तू त्यांच्या हातून सुटली नव्हती. ती निर्धास्त होऊन झोपली, आणि पहाटे डोळे उघडताच तिच्या लक्षात आले, की तो खेळ त्यांना तोंडपाठ आहे. कात्री कुठे आहे हे शोधायला त्यांना डोळ्यांची गरजच नव्हती.

उद्या सोमवार होता. सकाळी वडिलांची बस पुन्हा गल्लीगल्लीतून मुले गोळा करत जाणार होती.

“एखादा खेळून तर बघा,” आई म्हणाली. “घ्यायचा की नाही ते मग ठरवा.”

वडिलांनी तिच्याकडे पाहिले. “तू कधीपासून या भानगडीत पडायला लागलीस?”

ती पुन्हा शेंगांकडे वळली. ठकीला तेवढेच पुरे होते. संचातल्या एका खेळाचे पहिले दृश्य फुकट होते. तिने ते उघडून लॅपटॉप वडिलांपुढे सरकवला.

जुन्या बाजारातला रस्ता होता. दोन्ही बाजूंच्या दुकानांचा पसारा पार कडेपर्यंत आलेला, आणि खाली शोधायच्या वस्तूंची यादी. वडिलांनी माऊस हातात घेतला आणि बघता बघता रंगात आले. उजवीकडच्या भिंतीवरची किल्ली, पोत्यामागची कात्री, मांजराच्या शेपटीला गुंडाळलेला दोर त्यांनी पटापट टिपले.

“हा बघ कंदील. नाकासमोर टांगलाय आणि म्हणे दडवलाय. यासाठी पैसे मोजायचे?”

आईचे हात पुन्हा चालू झाले. यादीत आता छत्री तेवढी उरली होती.

बाण उजवीकडच्या पसाऱ्यातून फिरला, चित्राच्या मध्यापर्यंत आला आणि तिथे भिंत असावी तसा मागे वळला. पुन्हा आला, पुन्हा वळला. ठकी हसू लागली. छत्री लाल आहे, उघडी आहे आणि तिच्याखाली आख्खे कुटुंब मावेल, असे तिने सांगून टाकले. वडिलांनी तिला गप्प बसायला सांगितले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“हिंट घ्या ना, बाबा. त्यात कसली आलीय लाज?”

त्यांनी बटण दाबले. डावीकडच्या त्या लाल छत्रीभोवती सोनेरी ठिणग्या गरगरू लागल्या.

वडील चित्राकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारले, “लागली का ती हिंट?”

ठकीचे हसू तोंडातच राहिले. तिने आईकडे पाहिले. “नेट जरा...” असे काहीतरी ती पुटपुटली. आईलाही तो आधार क्षणभर हवासा वाटला. नेट बिघडले असेल, लॅपटॉप जुना असेल, उद्याचे उद्या पाहता येईल. तिने वाटाण्यांचे भांडे खाली ठेवले.

“लागलीय,” ती म्हणाली. “केव्हाची लागलीय.”

वडिलांनी माऊस सोडला. ठकीने खेळ बंद करायला हात पुढे केला, तेव्हा त्यांनी तो मध्येच धरला.

“राहू दे. त्या बाजूला काय काय आहे, ते सांग मला. सगळं सांग.”

तिने आईकडे पाहिले. आईने मान डोलावली.

“छत्री आहे,” ठकी हळू आवाजात सांगू लागली. “शिडी आहे. पिंजरा आहे, रिकामा. एक उपडी टोपली. आणि एक लहान मुलगी उभी आहे. पण ती शोधायची नाहीये, बाबा. ती नुसती चित्रात आहे.”

वडिलांनी तिचा हात सोडला नाही.

“रस्त्याच्या किती जवळ?” त्यांनी विचारले.