कोपराखालची दोन बोटं

“बाई, तुमचा हात काढा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

बालवर्गाच्या बाईंनी ठकीच्या कोपराखालची दोन बोटं काढून घेतली. आपण ती तिथं ठेवली होती हेच त्यांना आत्ता कळलं. सवय, दुसरं काय. चार वर्षांची ठकी बोलत नाही. ती टॅबवरच्या चित्राला बोट लावते आणि टॅब तिच्या वतीनं बोलतो. बोट नेमक्या चित्रापर्यंत पोचावं म्हणून सुरुवातीला आधार द्यायचा आणि मग हळूहळू काढून घ्यायचा, असं प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. आधार द्यायचं बाईंच्या चांगलं लक्षात राहिलं. काढायचं राहून गेलं.

मोठ्या बाई, म्हणजे शाळेच्या प्रमुख, समोरच्या बुटक्या टेबलाशी कशाबशा मावून बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं साधं होतं आणि पंचाईत अशी, की रास्तही होतं. पोरगी स्वतःहून टॅब चालवत असेल, तर पुढच्या वर्गात या सगळ्या मुलांबरोबर जाईल. नसेल, तर तिच्यासाठी वेगळी शाळा बघावी लागेल. दारात ठकीची आई उभी होती. कामावरून घटकाभराची रजा मागून आली होती आणि पर्सचा पट्टा पिळत होती.

“चेंडू कुठाय?” मोठ्या बाईंनी विचारलं.

ठकीचा हात टॅबच्या वर अधांतरी राहिला. बाकीची पोरं सतरंजीवर ठोकळे रचत होती. एरवी त्यांच्या कलकलाटानं डोकं उठतं, आज नेमकी शहाण्यासारखी गप्प. इतके दिवस पाणी कोण मागत होतं? चेंडू कोणाला हवा होता? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती आज उघडायची होती आणि आत काय आहे हे बाईंनाही ठाऊक नव्हतं. आईला मात्र त्या रोज शाळा सुटताना हौसेनं सांगायच्या, आज ठकीनं हे मागितलं, ते मागितलं. आई ते घरभर सांगत सुटायची.

मोठ्या बाईंनी पाणी विचारलं. मग सफरचंद. हात तिथंच. बाईंची बोटं आपसूक पुढं सरकली, तशी त्यांनी ती दुसऱ्या हातानं धरून ठेवली. ठकीनं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कोपर थोडं त्यांच्या बाजूला केलं. बाईंनी मान फिरवली. त्यांना रडू येत होतं.

“राहू दे,” मोठ्या बाई म्हणाल्या. कडक बाई, पण त्यांचाही आवाज उतरला होता. त्यांनी टॅब स्वतःकडे ओढला.

ठकीचा हात खाली आला. टॅबच्या कोपऱ्यात एक लाल चित्र होतं, आडव्या धरलेल्या तळहाताचं. टॅब आला तेव्हापासून ते तिथं होतं, पण बाईंनी ठकीचं बोट तिकडे कधी नेलंच नव्हतं. पाणी, चेंडू, खाऊ शिकवायचा. हे पोरांना कोण मुद्दाम शिकवतं?

“नको,” टॅब म्हणाला.

मोठ्या बाई थबकल्या. मग मुद्दामच त्यांनी टॅब आणखी थोडा ओढला.

“नको. नको. नको.” ठकी ते चित्र धोपटायलाच लागली.

आई शरमेनं लाल झाली आणि लगबगीनं आत आली. “माफ करा हं, मोठ्या बाई,” ती म्हणाली. “मोठ्या माणसांशी असं कधी बोलत नाही हो ती.”

आणि आपण काय बोलून गेलो हे ध्यानात येताच ती पोरांच्या त्या एवढ्याशा खुर्चीवर मटकन बसली.